झेंडी गुंडाळा आता

अहो,

तुमचा विसराळूपणा मला नवा नाही. चष्मा विसरायचात, छत्री विसरायचात. एकदा तर देवास गेटच्या बस स्टँडवर मलाच विसरून भाजीची पिशवी तेवढी घरी घेऊन गेला होतात. सासूबाईंनी विचारलं, सून कुठाय, तर म्हणे तुम्ही आधी पिशवीत डोकावलात. हे सगळं मी हसण्यावारी नेलं. पण आता जे विसरला आहात ते जरा जास्तच झालं. अहो, तुम्ही गेला आहात. या ज्येष्ठात तीन वर्षं झाली. तिकडे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?

सांगितलं असतं तर तुम्ही भर दुपारी, इंदूरला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, लाल झेंडी घेऊन कशाला उभे राहिला असतात?

म्हणून हे पत्र. पितृपक्ष लागलाय. तुमच्या श्राद्धाची चौथ चार दिवसांवर आली. विलास सिद्धवटाच्या घाटावर तुमचं पान वाढेलच, पण एवढं सगळं कावळ्याकरवी सांगणं होणार नाही. तुम्हाला वाचता येतं, मला लिहिता येत नाही, म्हणून मंजूला लिहायला बसवलंय. आपली नात, विलासची मुलगी. हात तिचा, बोलणं माझं. चार ओळी झाल्या की मी तिच्याकडून वाचून घेते. पूर्वी घेत नव्हते. का घ्यायला लागले ते पुढे येईल, आणि ते तिलाच लिहावं लागणार आहे. बघा, आत्ताच मान खाली गेली.

दुसरी बाई असती तर घाबरली असती. मला आधी राग आला. सगळी नोकरी रेल्वेच्या फाटकावर उभं राहून काढलीत, आता तरी बसा की कुठे सावलीत.

ते फाटक माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. एका खोलीची गुमटी, दारात तुम्ही लावलेला कडुनिंब, आणि फाटक खाली आणायचं ते लोखंडी हँडल. वैशाखात ते असं तापायचं की तुमच्या तळहाताला फोड यायचे. मग मी माझ्या जांभळ्या लुगड्याचा पदर फाडून तुम्हाला हाताला गुंडाळायला फडकं दिलं. पिवळ्या ठिपक्यांची कड मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळावं की या माणसाला बायको आहे. तुम्ही लाजला होतात. पुढे हँडलला रबराची मूठ आली आणि फडकं माझ्या पेटीत गेलं. मंजू तेव्हा जन्मलीही नव्हती. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

मी डबा घेऊन यायची तेव्हा फाटकापाशी उभी राहून तुमच्या वाट्याच्या शिव्या ऐकायची. गाडी दिसत नाहीये, खोल ना यार. दवाखान्यात जायचंय. लग्नाला जायचंय. स्कूटरवाले तर वाकून खालूनच निघायचे. तुम्ही आपले एकच म्हणायचात, "दो मिनट." दोन मिनिटांसाठी लोक तुमची आई-बहीण काढायचे. एकदा मी विचारलं, राग कसा येत नाही हो तुम्हाला? तुम्ही म्हणालात, घाईतल्या माणसाला काही ऐकू येत नाही आणि मला शिव्या ऐकू येत नाहीत, म्हणून आमचं जमतं.

आणि तो बदलीचा नियम. बदलीचा माणूस आल्याशिवाय फाटक सोडायचं नाही. जीव गेला तरी सोडायचं नाही. विलास झाला त्या दिवशी बदलीचा माणूस आलाच नाही. मी इकडे बाळ घेऊन दाराकडे बघतेय आणि तुम्ही तिकडे रुळांकडे. तिसऱ्या दिवशी आलात. अंगाला ग्रीसचा वास, डोळे तारवटलेले. मी तोंड फिरवलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "बदली आली नाही गं." तेव्हा मी किती दिवस अबोला धरला होता, आठवतं? हेही विसरला असाल.

त्या वाक्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं असतं, तर आज मला सगळं आधीच कळलं असतं.

तुम्ही रिटायर झालात. मग ती लाईन बंद झाली, रूळ उचलून नेले, फाटक गेलं, आणि त्यावरून हा मोठा रस्ता गेला. गुमटीच्या दोन भिंती आणि कडुनिंब राहिला. तुम्ही टेंपोत बसून तिथे जायचात, त्या झाडाखाली बसायचात. कशाला, ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मी कुरडयांचा चीक घोटत होते आणि तुम्ही सारखे पायात येत होतात. मीच म्हटलं, जा बाई तुमच्या निंबाखाली. डबा भरून दिला होता. तो तुम्ही ओट्यावरच विसरलात. चार वाजता तुम्ही परत यायला रस्ता ओलांडत होतात. उपाशी. गाडी आली आणि गेली. थांबली नाही. जन्मभर तुम्ही गाड्या थांबवल्यात हो, आणि तुमच्यासाठी एक थांबली नाही.

डबा संध्याकाळी मी उघडला. पिठल्यावर साय धरली होती.

दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत. मी गेले. मंजूही आली. पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या भिंतीवर रांगेनं बसले, पण एक खाली उतरेना. विलास म्हणाला, आईला सांभाळीन. नाही. धाकटा म्हणाला, घराची वाटणी करणार नाही. तरी नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेवढ्यात ही मंजू, रडून नाक लाल झालेलं, हात जोडून म्हणाली, नाना, मी गाडी साठच्या वर नेणार नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. सगळा घाट आमच्याकडे बघत होता.

वर्षभर तिनं पाळलं. मग ओवी झाली, तुमची पणती. मंजूची नोकरी इंदूरला, तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. साठाचे ऐंशी झाले, ऐंशीचे शंभर. तिचंही खरं आहे, लिही गं ते, खोडू नकोस. अर्धा तास उशीर झाला की ओवी झोपलेली असते. मूल दिवसातनं तेवढंच भेटतं. घाई करणारे सगळे वाईट नसतात, हे तुम्हीच म्हणायचात.

आणि मग तुम्ही दिसायला लागलात.

पहिल्यांदा एका ट्रकवाल्यानं सांगितलं. दुपारी चारच्या सुमाराला, कडुनिंबापाशी, खाकी शर्टातला म्हातारा, लाल झेंडी आडवी धरलेला. ब्रेक दाबला तर कुणी नाही. मग एका बसवाल्याला दिसलात. मग लग्नाच्या वरातीला. सगळ्यांचं सांगणं एकसारखं होतं: आधी इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा होतो, मग कुठेतरी घंटी वाजते, जुन्या फोनसारखी, आणि मग तुम्ही. आता तिथे नारळ फोडतात. अगरबत्त्या लावतात. तुमचं नाव पडलंय फाटकवाले बाबा. घरात स्वतःचा टॉवेल सापडायचा नाही, आणि बाबा!

मी विश्वास ठेवला नाही. मेलेल्याच्या नावानं लोक काहीही उठवतात. गेल्या मंगळवारपर्यंत नव्हता ठेवला.

मंगळवारी सुनवाई होती. त्या रस्त्यावरची वेगाची हद्द शंभरावरून सत्तरवर आणावी की नाही, लोकांना काय वाटतं ते साहेब विचारणार होते. रस्त्याकाठच्या पंचायतीच्या हॉलमध्ये. मला कुणीतरी म्हणालं, माँजी, तुम्ही तर चलाच. मंजूनं गाडीतनं नेलं. जाताना गप्प होती. मला वाटलं, नानांची आठवण येत असेल.

अहो, तुमचं फाटकच भरलं होतं तिथे. तीच माणसं, फक्त आता खुर्च्यांवर. टावर चौकातला एक दुकानदार म्हणाला, एवढा गुळगुळीत रस्ता केला तो काय बैलगाडीनं जायला? टॅक्सीवाला म्हणाला, मी हळू चालवीन, पण मागची सवारी ओरडते त्याचं काय करू? एक रिटायर मास्तर हद्द कमी करा म्हणाले. त्यांना रस्ता ओलांडायला एवढा वेळ लागतो की मधेच नातवाचं लग्न होईल, म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत. ट्रकवाला म्हणाला, मोटारसायकलींना रोका. मोटारसायकलवाली पोरं म्हणाली, ट्रकना रोका. मला एक कळलं, हळू जायला कुणाचाच विरोध नव्हता, फक्त प्रत्येकाला दुसऱ्याची गाडी हळू हवी होती.

मग साहेबांनी एक कागद उचलला. हद्द कमी करू नये असा अर्ज, खाली पुष्कळ सह्या. म्हणाले, आणि तो फाटकवाला, जो इथेच वारला, त्याच्या बायकोचाही यावर अंगठा आहे. तिचंही हेच म्हणणं आहे.

मी इकडेतिकडे बघितलं. कोण ही बाई? मग अंगठ्याला लागलेली निळी शाई आठवली. आठ दिवसांपूर्वी, मी पानावर बसलेली, मंजू घाईत आली. आजी, रस्त्याचं आहे, अंगठा दे. मी दिला. मला वाटलं, तुमचा कडुनिंब वाचवायचं काहीतरी असेल. रस्त्याचं काय, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. खोटं नाही बोलली. अर्धंच बोलली.

थांब, हे वाच परत. हं. बरोबर लिहिलंय.

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? तुम्ही रस्त्यात उभे आहात आणि मी त्या गाडीत बसले आहे.

तेवढ्यात जवळच्या गावातला एक दूधवाला उठला. म्हणाला, साहेब, बोर्डाची गरजच काय? त्या जागी तर बाबा उभे आहेत, सगळे आपोआप हळू होतात, परवाच मी बघितलं. लोक माना हलवायला लागले. अहो, तुमच्याच नावावर तुमची हद्द बुडत होती. साहेबांनी थट्टेत विचारलं, दिसतो कसा तुमचा बाबा? तो म्हणाला, "दुबला-सा, खाकी कमीज़। और हाथ पे जामुनी कपड़ा लिपटा हुआ।"

जांभळं फडकं. तुमच्या-माझ्याशिवाय आता ते कुणाला माहीत आहे?

मी उठले. काठी खाली पडली, ती कुणी उचलली नाही. मी म्हटलं, "साहब, अंगूठा मेरा है, बात मेरी नहीं।" मंजू माझ्या शेजारीच होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मग म्हटलं, "वो शौक़ से नहीं खड़े हैं। बदली वाले का रस्ता देख रहे हैं। बोर्ड लगा दो, तो वो घर जाएँ। रिटायर हो चुके हैं।"

मागे कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. साहेबांनी लिहून घेतलं. अंगठा खोडला. पुढे काय ठरेल ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांचं म्हणणं वर जाईल, म्हणाले. वर म्हणजे तुमच्याकडे नव्हे, भोपाळला.

येताना मंजू रडत होती आणि गाडी पळवत होती. मला अक्षरं येत नाहीत, पण तिच्या गाडीतला तो काटा मला कळतो. साठला सरळ उभा असतो, शंभरला उजवीकडे कलंडतो. तो पार कलंडला होता. मी बोलले असते तरी तिला ऐकू आलं नसतं.

मग इंजिनाचा आवाज बंद झाला. गाडी पळत होती, पण आवाज नव्हता. लांब कुठेतरी घंटी वाजली. दोनदा. गुमटीतल्या फोनची ती घंटी मी वर्षानुवर्षं डबा हातात घेऊन ऐकलीये हो, मला फसवता येणार नाही. वारं होतं, रस्त्याकाठचं सगळं गवत लवत होतं, आणि आपला कडुनिंब मात्र स्थिर. एक पान हलत नव्हतं. मला बाकी काही दिसलं नाही. मला दिसायला काय झालं होतं तुम्हाला? बायकोला तेवढं नाही दिसायचं, होय?

पण काटा आपसूक सरळ उभा राहिला. मंजू आरशात बघत होती. बराच वेळ बघत होती. मग आवाज परत आला, आणि ती म्हणाली, "आजी, त्या फडक्याला पिवळ्या ठिपक्यांची कड आहे का गं?"

दूधवाल्यानं कडेचं काही सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर पेटी उघडली. तळाशी, शालूखाली, फडकं होतं तिथेच होतं, घडी केलेलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, म्हणजे भास. उचलायला हात लावला. गरम होतं. बाहेर भादव्याचा पाऊस, पेटी गार, शालू गार, आणि फडकं असं तापलेलं जसं आत्ता हँडलवरून काढलंय. लोखंडाचा वास येत होता. मंजू, तूही हात लावलास. लिही ते. तिनं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मग आम्ही दोघी पेटीपाशीच बसलो. ओवी मधे येऊन फडकं मागत होती, तिला दिलं नाही.

तर अहो, मला कळलंय. तुम्ही मेल्याचं विसरला नाहीत. तुम्ही नियम विसरला नाहीत. बदली आली नाही, म्हणून उभे आहात. उन्हात, पावसात, लोकांचे नारळ अंगावर घेत. मंजूनं घाटावर शब्द दिला तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, आली बदली. उतरलात. मग तिनं शब्द सोडला आणि तुम्ही पुन्हा झेंडी उचललीत. मी इकडे तुम्हाला जिवंतपणी मारायची तसाच मनातनं टोमणा मारत होते, की या माणसाला घरची ओढ म्हणून नाही.

विलासच्या वेळचा अबोला मी आज मागे घेते. उशीर झाला, पण घेते.

मंजू म्हणतेय, तिला एक ओळ स्वतःची लिहायचीये. लिही बाई.

नाना, साठ. मंजू.

झालं? एवढंसंच दिसतंय. काय लिहिलंय ते मी वाचून घेतलेलं नाही. तुम्हाला येतं वाचता, तुम्ही बघा. काल मात्र ती अर्धा तास आधी निघाली. आणि आली तेव्हा ओवी जागी होती, कारण ओवीला मी जागं ठेवलं होतं. तेवढं मला जमतं.

हे पत्र आम्ही उद्या कडुनिंबाच्या बुंध्याशी दगडाखाली ठेवणार आहोत, नारळाच्या करवंट्यांत हरवू नका. फडकंही ठेवणार होते, पण ते राहू दे. अजून गरमच आहे.

आता माझा शब्द ऐका. बोर्ड लागला तर त्याच दिवशी झेंडी गुंडाळायची आणि निघायचं. मागे वळून बघायचं नाही. आणि नाहीच लागला, लोकांनी आपापली घाईच निवडली, तर माझेही आता फार दिवस राहिलेले नाहीत. मग मीच येते बदलीला. झेंडी धरायला तुम्ही शिकवा. शिव्या खायला मला येतात, तुमच्याबरोबर उभं राहून शिकलेय. पण मी आले की तुम्ही फाटक सोडायचं, दोघांनी उभं राहायचं नाही. ओवी मोठी होऊन तो रस्ता ओलांडेपर्यंत मी उभी राहीन.

तुमची, देवास गेटला विसरलेली,
कमल
(नाव मंजूनं लिहिलंय. खालचा अंगठा माझा, आणि या वेळी बातही माझी.)

ता. क. मी ड्युटीवर असेन तेव्हा डबा तुम्ही पाठवायचा. दोन मऊ पोळ्या, पातळ पिठलं, वर थोडी सेव, ती भिजवून, मला दात नाहीत. मिरची वेगळी. आणि डबा ओट्यावर विसरू नका.